छातीच्या सीटीत स्तनाची गाठ निघाली, आता काय?

प्रश्न : आई 58 वर्षांची आहे. महिनाभर खोकला जाईना म्हणून एचआरसीटी (फुफ्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) केला, फुफ्फुसं क्लिअर आली, डॉक्टरांनी गोळ्या देऊन पाठवलं. घरी रिपोर्ट वाचला तर मधेच एक ओळ, डाव्या स्तनात 12 मिमीची गाठ, सोनोमॅमोग्राफी (स्तनाची सोनोग्राफी) करावी. शेवटच्या निष्कर्षात त्याचा उल्लेखच नाही. आई म्हणते दुखत नाही, हाताला लागत नाही, राहू दे. राहू द्यायचं का?
– एक मुलगी, सांगली

उत्तर : नाही ताई, राहू द्यायचं नाही. पण आजपासून झोप उडवून घ्यायचंही कारण नाही. न दुखणं हा काही दिलासा नाही, कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही, आणि साध्या गाठीही दुखत नाहीत, त्यामुळे दुखण्यावरून काहीच ठरत नाही.

एचआरसीटी काढतात फुफ्फुसासाठी, बहुतेकदा कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन न देता. स्तन फ्रेममधे आपोआप येतात म्हणून गाठ दिसली एवढंच. पॉपकॉर्नसारखं जाड कॅल्शियम दिसलं तर जुनी फायब्रोअ‍ॅडेनोमा (कॅन्सर नसलेली साधी गाठ) असं सीटीवरही म्हणता येतं, कडा काटेरी असतील, त्वचा जाड असेल किंवा काखेत गाठी असतील तर संशय वाढतो. पण मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) दिसणारे कॅल्शियमचे बारीक कण सीटीत नीट दिसत नाहीत, म्हणून बहुतेक गाठींचा निकाल सीटीवर लागत नाही, आणि पुन्हा सीटी काढून तर अजिबात नाही. रेडिएशनची भीती असेल तर मॅमोग्राफीत साधारण 0.4 मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक), छातीच्या नेहमीच्या सीटीत 7 च्या आसपास.

छातीच्या डॉक्टरांचं लक्ष खोकल्यावर होतं, त्यांच्या फोनची वाट बघत बसू नका. एक-दोन आठवड्यांत सर्जनला दाखवा आणि मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही करून घ्या. सीटीची सीडी आणि जुनी मॅमोग्राफी असेल तर ती, दोन्ही सोबत न्या, दोन वर्षांपूर्वीही गाठ तेवढीच होती असं दिसलं तर अर्धी काळजी तिथेच मिटते. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ नको, फिल्मवर त्याचे कण कॅल्शियमसारखे दिसतात. आणि "काही दिसत नाही" असं म्हणाले तर तेवढ्यावर परत येऊ नका, सीटीतली ती जागा दाखवून "हीच जागा बघितली ना?" असं स्पष्ट विचारा.

रिपोर्टवर बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे कॅन्सरचा संशय किती ते सांगणारी श्रेणी. 1 किंवा 2 असेल तर निवांत. 3 म्हणजे कॅन्सरची शक्यता 2 टक्क्यांहून कमी, सहा महिन्यांनी परत बघायचं (ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा, सगळे तिथेच विसरतात). 0 म्हणजे तपासणी अपुरी आहे, नॉर्मल नव्हे! 4 किंवा 5 आला तर ट्रूकट बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. इथे घरातलं कुणीतरी हमखास म्हणणार, सुई लावली की पसरतं. नाही हो, बायोप्सीमुळे कॅन्सर पसरत नाही, जागा बधिर करून सुईने तुकडा घेतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. या एका भीतीपायी लोक महिनोन्‌महिने घालवतात आणि मग मोठी गाठ घेऊन येतात, तेव्हा मात्र खरंच वाईट वाटतं.

प्रश्न : वडील 66 वर्षांचे, सीटीत 'गायनेकोमॅस्टिया' लिहिलंय. पुरुषांना हे कसं काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : गायनेकोमॅस्टिया म्हणजे पुरुषाच्या स्तनाची वाढ. होतं, आणि बऱ्याचदा औषधामुळे. स्पायरोनोलॅक्टोन (लघवी वाढवणारी गोळी), प्रोस्टेटची काही औषधं, लिव्हरचा आजार, ही नेहमीची कारणं. वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जा, स्वतःहून गोळी बंद करू नका. एकाच बाजूला, बोंडीपासून थोडी बाजूला, दगडासारखी कडक गाठ लागत असेल किंवा बोंडीतून रक्त येत असेल तर पुरुषांनाही मॅमोग्राफी-सोनोग्राफी करावीच लागते, लाजायचं काही नाही त्यात.