डायलिसिस सुरू होताना रुग्णाची प्रकृती कशी असते?

क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) किती झाल्यावर डायलिसिस लावतात आणि त्या वेळी रुग्णाची अवस्था कशी असते, असे आपण विचारले आहे. केवळ क्रिएटिनिनच्या आकड्यावर हा निर्णय होत नाही. ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या रक्त गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, 15 च्या खाली गेला की किडनीचा आजार पाचव्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात धरतात. तरीही भूक शाबूत असेल, पोटॅशियम आटोक्यात असेल आणि अंगात पाणी साचत नसेल, तर काही जण औषध-पथ्यावर बरेच महिने काढतात.

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादांना, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही जुने होते, आणि आपल्याकडे डायलिसिसपर्यंत पोहोचणाऱ्यांत अशांचाच भरणा अधिक असतो. लातूरच्या किडनीतज्ज्ञांनी त्यांना हाताच्या फिस्टुलाची, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी धमनी आणि नस जोडण्याची, शस्त्रक्रिया वेळेत करून घ्यायला सांगितले होते, कारण जोडलेली नस सुई टोचण्याजोगी व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. परंतु आमच्या चुलत्यांनी ‘एकदा मशीनवर गेलेला माणूस मशीनचाच होतो’ असे बजावून सोयाबीनची रास होईपर्यंत विषय लांबवला आणि मधल्या काळात कुणाकडून तरी भस्माच्या पुड्या आणून दिल्या. पुढे दादांच्या सुजलेल्या पायांत चप्पल शिरेना, पिठल्याच्या वासानेही उमासे येऊ लागले, अंगाची खाज थांबेना, आणि आडवे झाले की धाप लागत असल्यामुळे ते बाजेवर उशांना टेकून बसूनच रात्र काढू लागले. हिमोग्लोबिन सातवर आले होते, कारण रक्त तयार करण्याची सूचना देणारे संप्रेरक निकामी किडनीत पुरेसे बनत नाही. अखेर मानेत कॅथेटर घालून तातडीने डायलिसिस करावे लागले, आणि काही दिवसांतच त्या नळीला जंतुसंसर्ग होऊन मशीनवर असतानाच त्यांना हुडहुडी भरली.

दादा पुढे हृदयविकाराने गेले. डायलिसिसवरील रुग्णांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदयविकारच असते, आणि हृदयाची ही झीज मशीन लागण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. तरीही चुलते आजतागायत ‘मशीनने पोरगा खाल्ला’ असेच सांगत फिरतात. सर्पदंशाने किंवा जुलाबाने किडनी एकाएकी बंद पडलेल्या अनेकांचे डायलिसिस काही आठवड्यांत सुटते, ते मशीनवर अडकून राहत नाहीत. जुन्या आजारात डायलिसिस सुटत नाही, कारण किडनी आधीच संपलेली असते.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांचा मान अवश्य राखावा, पण फिस्टुलाची तारीख त्यांना ठरवू देऊ नये. हिपॅटायटिस बीची लस आधीच घ्यावी आणि फिस्टुलाच्या हातावर कुणाला रक्तदाब मोजू देऊ नये. खर्चाच्या भीतीने थांबला असाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश आहे, त्याची चौकशी करावी. अर्थात मी डॉक्टर नाही. शिवाय फार वयस्कर आणि हृदय आधीच दुबळे असलेल्या काही रुग्णांच्या बाबतीत डायलिसिस न करता त्रास कमी ठेवण्याचा मार्गही डॉक्टर सुचवतात, तो चुलत्यांच्या हट्टापेक्षा वेगळा आहे.