मान खाली पडणारा बास

उभा राहून बास गिटार गळ्यात अडकव आणि डावा हात सोडून बघ. हेडस्टॉक, म्हणजे मानेचं टोक, जमिनीकडे झुकला तर दोष तुझ्या हाताचा नाही, वाद्याच्या तोलाचा आहे. पण तसंच वाजवत राहू नकोस. मान पेलण्यात गुंतलेला हात स्वर नीट दाबू शकत नाही, आणि मनगट दुखायला लागतं ते वेगळंच.

कारण बहुतेकदा पट्ट्याच्या वरच्या बटणाच्या जागेत असतं. फेंडर प्रिसिजन या बासचं वरचं शिंग, म्हणजे बॉडीचं पुढे आलेलं टोक जिथे हे बटण असतं, ते बाराव्या फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास पोचतं, म्हणून तो बऱ्यापैकी आडवा राहतो. गिब्सनच्या एसजी आकाराच्या बासला असं लांब शिंगच नाही. गिब्सनच्याच थंडरबर्डचीही मान पडण्याबद्दल ख्याती आहे. बटण जितकं ब्रिजकडे, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात त्या बाजूला, तितकी मान जड.

आधी स्वस्त उपाय कर: रुंद आणि आतून खरखरीत असा चामड्याचा पट्टा घे. नायलॉनचा पट्टा खांद्यावरून सरकतो, हा धरून राहतो. त्याने तोल बदलत नाही, पण बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं.

खरा फरक हलक्या ट्यूनर्सनी, म्हणजे हेडस्टॉकवरच्या तारा जुळवायच्या खुंट्यांनी पडतो. ते बटणापासून सर्वांत लांब असतात, त्यामुळे तिथे कमी झालेल्या प्रत्येक ग्रॅमचा परिणाम मोठा. घेण्याआधी हेडस्टॉकवरच्या भोकांचा व्यास मात्र मोजून घे. बॉडीच्या मागच्या टोकाला वजन लावणारेही आहेत; मला ते पटत नाही, लांबलेल्या कार्यक्रमात खांदा आधीच भरून येतो. बटण हलवायचं असेल तर सगळ्यात शेवटी, आणि चांगल्या कारागिराकडूनच.