ठोके अनियमित, म्हणजे केऑस का?

प्रश्न: छातीच्या पट्ट्याने पाच मिनिटांची आर-आर अंतरं, म्हणजे लागोपाठच्या दोन ठोक्यांमधला वेळ, नोंदवली. ल्यापुनोव्ह घातांक, म्हणजे जवळजवळ सारख्या स्थितींमधला फरक किती वेगाने वाढतो याचं माप, धन आला. ‘निरोगी हृदय केऑटिक असतं’ असं प्रकल्पात लिहू का?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: एवढ्यावरून नको. केऑस म्हणजे ठरलेल्या नियमांनी चालणारी, तरी लांबचं भाकीत न करता येणारी हालचाल; नुसता यादृच्छिकपणा नव्हे. मिनिटाला ७० ठोके धरले तर तुमच्याकडे जेमतेम ३५० अंतरं आहेत. या घातांकासाठी ती फारच तोकडी पडतात. शिवाय निव्वळ यादृच्छिक आकडे दिले तरी नेहमीच्या अल्गोरिदममधून घातांक धन येऊ शकतो. एकदा करून बघाच.

केऑसचा भक्कम पुरावा मिळाला तो प्रयोगशाळेत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात गेव्हारा, ग्लास आणि श्रायर यांनी कोंबडीच्या भ्रूणातल्या हृदयपेशींच्या पुंजक्याला ठरावीक वेळाने विजेचे झटके दिले. झटक्यांमधलं अंतर बदलत नेल्यावर लय आधी दुपटीच्या आवर्तनात गेली (तोच नमुना पुन्हा यायला दुप्पट वेळ लागू लागला) आणि पुढे केऑटिक झाली (१९८१). तिथे नियंत्रण त्यांच्या हातात होतं. तुमच्या नोंदीत श्वास, रक्तदाब आणि व्हेगस मज्जातंतू (हृदयाचा वेग कमी करणारा) सतत लुडबुड करतात, त्यामुळे निरोगी माणसाच्या लयीला केऑस म्हणावं की नाही यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही.

आधी नोंद साफ करा. समजा, अंतरं (मिलिसेकंदांत) अशी आहेत: ८२०, ८३०, ५२०, १११०, ८२५. इथे एक ठोका वेळेआधी पडला आणि त्यानंतर भरपाईचा विराम आला. मध्येच १६५० दिसलं तर बहुधा पट्ट्याने एक ठोका गाळला. असे आकडे नुसते खोडू नका, कारण मग पुढच्या सगळ्या ठोक्यांची वेळ सरकते. आजूबाजूच्या अंतरांवरून नवं मूल्य भरा. पाच टक्क्यांहून जास्त ठोके दुरुस्त करावे लागले तर तो तुकडा सोडून दुसरा घ्या.

मग सरोगेट चाचणी, म्हणजे मूळ नोंदीसारख्या बनावट माळांशी तुलना. मूळ नोंदीचा वर्णपट (कोणत्या वारंवारितेचे चढउतार किती, ते) आणि मूल्यांचं वितरण शक्य तितकं तसंच ठेवून फक्त फेज (ते चढउतार एकमेकांच्या मागेपुढे कसे येतात, ते) विस्कटलेल्या ३९ माळा तयार करा आणि प्रत्येकीवर तोच निर्देशांक (उदा. तो घातांक) काढा. मूळ आकडा त्या सगळ्यांच्या वर किंवा सगळ्यांच्या खाली गेला, तर पाच टक्के पातळीवर ‘ही रेषीय यादृच्छिक प्रक्रिया आहे’ हे गृहीतक फेटाळता येतं. केऑस मात्र तेवढ्याने सिद्ध होत नाही. पाच मिनिटांत तुम्ही कूस बदलली, सरासरी सरकली, तरी चाचणी असाच निकाल देऊ शकते.

इतक्या छोट्या नोंदीसाठी डीएफएचा अल्फा-१ (४ ते १६ ठोक्यांच्या खिडक्या) जास्त भरवशाचा. डीएफए म्हणजे नोंदीतला कल वजा करून, खिडकी मोठी होत जाते तसे चढउतार किती वाढतात ते मोजणारी पद्धत. निरोगी माणसाच्या विश्रांतीत तो साधारण १ च्या आसपास असतो, तर यादृच्छिक माळेत ०.५. अकाली ठोके साफ न करता ठेवले तर तो खाली ओढला जातो, म्हणून साफसफाईवर एवढा भर दिला.

प्रश्न: पॉइनकारे आलेखाचा (प्रत्येक अंतर त्याच्या पुढच्या अंतरासमोर मांडलेल्या ठिपक्यांचा) एसडी-१, म्हणजे ठिपक्यांच्या ढगाची रुंदी, आणि आरएमएसएसडी, म्हणजे लागोपाठच्या अंतरांतल्या फरकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, दोन्ही तक्त्यात द्यावेत का?

उत्तर: एकच पुरे. आरएमएसएसडीला दोनच्या वर्गमुळाने भागलं की एसडी-१ मिळतो: ४२ असेल तर सुमारे ३०. ‘अरेषीय’ मथळ्याखाली छापल्याने त्यात नवी माहिती येत नाही. नवं जे काही असतं ते ठिपक्यांच्या आकारात. वरच्या उदाहरणात एकाच अकाली ठोक्यामुळे तीन ठिपके ढगाबाहेर पडतील: (८३०, ५२०), (५२०, १११०) आणि (१११०, ८२५).

प्रश्न: वडिलांच्या नोंदीत ठिपके पंख्यासारखे पसरलेत. एन्ट्रॉपीही, म्हणजे माळेतल्या बेभरवशीपणाचं माप, बरीच जास्त आहे. गुंतागुंत जास्त म्हणजे हृदय निरोगी, असं वाचलं होतं.

उत्तर: इथे तो नियम लावू नका. आलिंद कंपनात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, असाच पंखा दिसतो आणि एन्ट्रॉपीही वाढते, कारण ठोक्यांचा एकमेकांशी मेळ राहत नाही. या विकारात हृदयात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो. हा आलेख निदान नव्हे, पण वडिलांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे नेऊन बारा लीडचा ईसीजी काढून घ्या आणि सोबत मूळ आर-आर नोंद न्या. छातीत दुखणं, भोवळ किंवा धाप असेल, किंवा तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोबडी वळणं असं काही दिसलं, तर आठवडा थांबू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.