जळगावात 12 बाय 14 फुटांच्या हॉलमध्ये सबवूफर (खोल, जाड आवाजाचा स्पीकर) नुसता घुमतो, संवाद ऐकू येत नाहीत. मोठा सबवूफर घेऊ का?

नका घेऊ. एवढ्या हॉलला 10 इंची सबवूफर पुरे. स्लॅबचं छत, खाली फरशी आणि चार कोऱ्या भिंती असल्या की 14 फूट लांबीत 40 हर्ट्झच्या आसपासचा खोल आवाज, म्हणजे बास, आपोआप फुगतो. त्यात बहुतेक जण सबवूफर कोपऱ्यात सरकवतात, म्हणजे आणखी भर.

आधी जागा बदलून बघा. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास भरपूर असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. घरचे हसतील, हसू द्या. जिथे ढोलाचा ठोका सुटा ऐकू येतो, नुसतं गूं-गूं होत नाही, तिथे सबवूफर ठेवायचा. मग रिसीव्हरमध्ये (सगळे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) स्पीकरचं सेटिंग ‘स्मॉल’, क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) 80 हर्ट्झ, आणि सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर.

संवादांचं म्हणाल तर सेंटर स्पीकर (संवादांचा मधला स्पीकर) टीव्हीखालच्या कपाटात कोंबू नका. पुढच्या कडेला आणून त्याचं तोंड कानाकडे करा. एप्रिल-मेमध्ये कूलर चालू असतो, त्याची घरघर संवादच खाते, म्हणून सेंटरची पातळी 2-3 डेसिबल वाढवा. भिंतीला गोधडी टांगायचा सल्ला कोणी देईल. त्याने टाळीचा प्रतिध्वनी कमी होतो, बास नाही.

आणि रिसीव्हरच्या वर मोकळी जागा सोडा. आपल्याकडच्या 44-45 अंशांत बंद कपाटात तो तापून बंद पडतो.