एका उन्हाळ्यात गणिताचे किती कोर्स?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (पदवीची सुरुवातीची दोन वर्षं शिकवणारं कॉलेज) पहिलं वर्ष संपवते आहे. कॅल्क्युलस-२ मध्ये बी ग्रेड मिळाला. पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगसाठी युनिव्हर्सिटीत ट्रान्स्फर हवी आहे. त्यासाठी मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स लागतात. पहिले दोन सहा आठवड्यांच्या समर सेशनमध्ये आहेत, तिसरा आठ आठवड्यांचा ऑनलाइन आहे. प्रत्येक कोर्स ४ क्रेडिटचा. शिवाय एका दुकानात आठवड्याला २० तास काम करते. तिन्ही उरकून टाकू का?
– एक विद्यार्थिनी, फ्रीमाँट

उत्तर : तिन्ही घेऊ नका. का, ते आधी तासांत पाहू.

अमेरिकेत एका क्रेडिटचा हिशेब ठरलेला आहे : आठवड्याला वर्गात १ तास आणि घरी किमान २ तास, असे साधारण १५ आठवडे. म्हणजे ४ क्रेडिटच्या कोर्सला १८० तास लागतात. उन्हाळ्यात कोर्स लहान होत नाही, फक्त दाबून बसवला जातो. तेच १८० तास सहा आठवड्यांत बसवले की आठवड्याला ३० होतात, आठ आठवड्यांत साडेबावीस. तुमच्या तिन्ही कोर्सचे मिळून साडेब्याऐंशी आणि दुकानाचे २०. आठवड्यातल्या १६८ तासांमधून झोपेचे ५६ काढले तर हातात ११२ राहतात. जेवण, अंघोळ, येणं-जाणं आणि स्वयंपाक या सगळ्यासाठी साडेनऊ तास! पहिल्याच आठवड्यात कुठला तरी कोर्स मागे पडेल, आणि सहा आठवड्यांच्या सेशनमध्ये मागे पडलेलं भरून काढायला शनिवार-रविवारसुद्धा पुरत नाही. इथला एक आठवडा म्हणजे एरवीचे अडीच आठवडे. चार दिवस ताप आला, तर मिडटर्म समोर उभी असते.

तासांच्या हिशेबात न दिसणारी आणखी एक अडचण आहे. मल्टिव्हेरिएबल आणि लिनिअर अल्जिब्रा यांचा अवघड भाग नेमका एकाच वेळी येतो. लिनिअर अल्जिब्राचे पहिले दहा दिवस रो रिडक्शनमध्ये (मॅट्रिक्सच्या ओळी सोप्या करत समीकरणं सोडवण्यात) जातात. ते आकडेमोडीचं काम, हात बसला की जमतं, आणि मुलांना वाटतं की हा कोर्स सोपाच आहे. मग सबस्पेस, बेसिस, कर्नेल येतात, 'सिद्ध करा' असे प्रश्न सुरू होतात आणि पायाखालची वाळू सरकते. त्याच सुमाराला पलीकडे ट्रिपल इंटिग्रलच्या मर्यादा लावणं सुरू असतं आणि पाठोपाठ ग्रीन, स्टोक्स आणि डायव्हर्जन्सची प्रमेयं येतात. ही प्रमेयं कोर्सच्या अगदी शेवटी असल्याने उन्हाळ्यात घाईत उरकली जातात. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला तोच भाग सर्वांत जास्त लागतो.

आता काय करावं? दुकानातलं काम चालू ठेवायचं असेल तर उन्हाळ्यात फक्त लिनिअर अल्जिब्रा घ्या. ३० आणि २० मिळून ५० तास होतात, दमवतात पण झेपतात. या कोर्सला कॅल्क्युलसचा आधार फारसा लागत नाही, त्यामुळे तुमचा बी आड येत नाही. पानगळीच्या टर्मला मल्टिव्हेरिएबल घ्या. त्याच वेळी फिजिक्समधला इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझमचा कोर्स असेल तर उत्तमच, कारण गाउसचा नियम शिकताना फ्लक्स म्हणजे काय ते दोन्हीकडून पक्कं होतं. डिफरन्शियल इक्वेशन्स वसंत टर्मला.

हा क्रम उगीच सांगत नाही. डिफरन्शियल इक्वेशन्समध्ये सिस्टिम (एकत्र सोडवायची अनेक समीकरणं) सोडवताना आयगेनव्हॅल्यू लागतात, म्हणजे मॅट्रिक्स ज्या दिशांना न वळवता फक्त ताणतो त्या ताणाचे आकडे; त्या दिशा म्हणजे आयगेनव्हेक्टर. एक छोटा मॅट्रिक्स घ्या : पहिली ओळ २, १ आणि दुसरी ओळ ०, २. आयगेनव्हॅल्यू २, तीही दोनदा, पण आयगेनव्हेक्टरची दिशा मात्र एकच. लिनिअर अल्जिब्रा नीट झालेला विद्यार्थी लगेच ओळखतो की दुसरं उत्तर कमी पडतंय आणि म्हणून तिथे टी गुणिले ई-घात-२टी असं पद येणार. ज्याचं दोन्ही एकदमच चालू आहे तो ते पद सूत्र म्हणून पाठ करतो आणि तीनदा येणाऱ्या आयगेनव्हॅल्यूचं उदाहरण आलं की अडतो.

काम सोडता येत असेल, आणि तरच, दोन कोर्सचा विचार करा : लिनिअर अल्जिब्रा आणि मल्टिव्हेरिएबल, पण दोन्ही आठ आठवड्यांचे. आठवड्याला ४५ तास होतात. त्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्या. वही-पेन घेऊन, सूत्रांचा कागद न पाहता तीन गोष्टी करा. एक, एक्स-वर्ग गुणिले ई-घात-वजा-एक्स याचं इंटिग्रल बाय पार्ट्सने काढा. दोन, १ भागिले (एस गुणिले (एस-वर्ग अधिक ४)) याचे पार्शल फ्रॅक्शन करा. तीन, १ भागिले (एन गुणिले लॉग एन) ही मालिका २ पासून पुढे अभिसारी आहे की नाही ते कारणासह सांगा (ती नाही). अर्ध्या तासात तिन्ही बरोबर आली तर पाया ठीक आहे. दोन चुकली तर मे महिना कॅल्क्युलस-२ पक्कं करण्यात घालवा आणि कोर्स एकच घ्या.

नाव नोंदवण्याआधी दोन तारखा लिहून ठेवा : फी परत मिळण्याची शेवटची आणि गुणपत्रकावर डब्ल्यू (कोर्स मध्येच सोडल्याची खूण) न लागता कोर्स सोडण्याची शेवटची. उन्हाळ्यात या पहिल्या काही दिवसांतच उलटून जातात, पहिल्या चाचणीच्या आधीच. तुमचा कोर्स हव्या त्या युनिव्हर्सिटीत कशाच्या बदल्यात धरतात ते 'असिस्ट' या संकेतस्थळावर कॉलेज आणि शाखेनुसार पाहा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात पुढच्या टर्मचे ठरवलेले कोर्सही लिहिता येतात. त्यामुळे सगळं याच उन्हाळ्यात संपवायला हवं, ही भीती काढून टाका. प्रवेशासाठी जीपीए (ग्रेडची सरासरी) मोजताना कम्युनिटी कॉलेजातले ग्रेड धरतात, म्हणून घाईत मिळालेले दोन सी तुम्हाला महागात पडतील.

प्रश्न : माझी मुलगी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर अमेरिकेत शिकते. पुढे स्टॅटिस्टिक्समध्ये पीएच.डी. करायची म्हणून उन्हाळ्यात रिअल अ‍ॅनालिसिस आणि अ‍ॅबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा दोन्ही घ्यायचं म्हणते. व्हिसासाठी उन्हाळ्यात कोर्स घेणं बंधनकारक असतं का?
– एक आई, ठाणे

उत्तर : तिचं शैक्षणिक वर्ष पूर्ण झालं असेल आणि पुढच्या टर्मला ती परत शिकणार असेल, तर उन्हाळा ही तिची वार्षिक सुट्टी धरली जाते आणि कोर्स घेण्याची सक्ती नसते. शिक्षणाची सुरुवातच उन्हाळ्याच्या टर्मपासून झाली असेल तर मात्र पूर्ण भार घ्यावा लागतो. कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून तिने हे आधी लेखी घ्यावं.

दोन्ही कोर्स एकत्र घेण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. हे कोर्स सिद्धतांचे आहेत. आकडेमोडीच्या कोर्समध्ये चार तास जास्त बसलं की चार तासांचं काम होतं, इथे तसं होत नाही. कंटिन्युइटी आणि युनिफॉर्म कंटिन्युइटी यांतला फरक घ्या. १ भागिले एक्स हे फलन ० ते १ या खुल्या अंतरावर कंटिन्युअस आहे, युनिफॉर्मली नाही, कारण शून्याजवळ जाल तसा डेल्टा (एक्सला किती हलू द्यायचं ते अंतर) आणखी लहान घ्यावा लागतो आणि सगळीकडे चालेल असा एक डेल्टा सापडत नाही. वाचायला हे अर्धं मिनिट लागतं. पण स्वतः सिद्धता लिहिताना 'प्रत्येक बिंदूसाठी' आणि 'असा एक डेल्टा आहे की' यांचा क्रम उलटा पडतो, आणि ते लक्षात यायला बहुतेकांना मध्ये एक रात्र जावी लागते. दोन कोर्सचे गृहपाठ लागोपाठच्या दिवशी द्यायचे असले की ती रात्र मिळत नाही. मग मुलं तयार उत्तरं शोधून उतरवतात आणि परीक्षेत कोऱ्या कागदासमोर बसतात.

स्टॅटिस्टिक्ससाठी रिअल अ‍ॅनालिसिसला जास्त वजन आहे. तेवढा एकच घ्यावा आणि त्यात ए मिळवावा. शक्य असेल तर तोही नेहमीच्या टर्मला. उन्हाळ्यात प्रोबॅबिलिटी किंवा एखादी प्रोग्रामिंगची भाषा पक्की केली तरी वेळ सत्कारणी लागेल.

प्रश्न : एसवाय बीएस्सी झालं. आयआयटी जॅमसाठी (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) मे-जूनमध्ये रिअल अ‍ॅनालिसिस, ग्रुप थिअरी आणि लिनिअर अल्जिब्रा एनपीटीईएलच्या (आयआयटींचे ऑनलाइन कोर्स) व्हिडिओंवरून करायचं ठरवलंय. जमेल?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : दोन विषय जमतील. अ‍ॅनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा घ्या, ग्रुप थिअरी दिवाळीच्या सुट्टीवर ढकला. जॅम फेब्रुवारीत असते, वेळ आहे. अर्ध्या तासाच्या व्हिडिओला दीड तास धरा : पाहताना थांबवून प्रमेय आधी स्वतः करून बघायचं आणि नंतर त्यावरची निदान तीन उदाहरणं सोडवायची. दिवसाला दोनच व्हिडिओ. जॅममध्ये एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतील असे १० प्रश्न असतात. त्यांना उणे गुण नाहीत, पण अर्धवट बरोबर असलं तरी शून्यच. नुसते व्हिडिओ पाहिलेला विद्यार्थी तिथेच सापडतो, म्हणून प्रत्येक प्रमेयाची एक अट काढून टाकली तर ते कुठे मोडतं त्याचं उदाहरण वहीत वेगळं लिहीत जा.