संरक्षक जकात, आयातशुल्क की टॅरिफ?

प्रश्न असा आलाय की देशी कापड गिरण्यांना वाचवायला परदेशी कापडावर जो टॅरिफ लावतात त्याला मराठीत जकात म्हटलं तर चालेल का, की जकात म्हणजे फक्त शहराच्या नाक्यावरची. माझ्या मते चालेल, छान चालेल, फक्त आधी ‘संरक्षक’ लावायला विसरू नका.

नाक्यावरची जकात डोक्यात बसलीय कारण मुंबईत ती अगदी 1 जुलै 2017 ला जीएसटी येईपर्यंत होती. पण बंदरात परदेशी मालावर घेतात तीही जकातच. शब्द मूळचा अरबी, तिथे त्याचा अर्थ धर्माने सांगितलेलं दान, आपल्याकडे येईपर्यंत तो मालावरचा कर झाला. गंमत म्हणजे टॅरिफ पण अरबीच, ‘कळवणे’ अशा अर्थाच्या शब्दावरून इटालियनमार्गे इंग्रजीत गेला, आणि आपली तारीफ त्याच धातूची! म्हणजे टॅरिफ मुळात दरांची यादी, म्हणूनच हॉटेलचा पण टॅरिफ असतो आणि विजेचा पण.

आता ‘संरक्षक’ का हवं ते सांगतो, मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. 1896 साली हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात होती, पण इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा दबाव एवढा की सरकारने मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढाच, साडेतीन टक्के कर बसवला. म्हणजे जकात होती, तिजोरीत पैसे येत होते, पण देशी गिरणीला आडोसा शून्य. टिळकांनी तेव्हाच विलायती कापडावर बहिष्काराची हाक दिली ती याच रागातून, आणि तो राग अगदी रास्त होता. देशी कापडावरचा हा कर डिसेंबर 1925 मध्ये थांबवला, पुढच्या वर्षी रद्द झाला. मग 1930 च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर 15 टक्के आणि बाकी परदेशी कापडावर 20 टक्के जकात आली, जपानी माल स्वस्तात येत होता ना, आणि त्या कायद्याच्या नावातच संरक्षण हा शब्द होता. ही खरी संरक्षक जकात. नुसतं जकात किंवा आयातशुल्क म्हटलं की कर कळतो, तो कशासाठी बसवलाय ते कळत नाही.

त्या देशी कापडावरच्या कराला मात्र अबकारी म्हणू नका, आज कुणालाही दारूच आठवेल. उत्पादन शुल्क म्हणा, जरी आपल्याकडे राज्य उत्पादन शुल्क खातंही दारूचंच बघत असलं तरी.

बातमीत आयातशुल्क ठीक आहे, शुल्क शब्द कौटिल्याच्या शुल्काध्यक्षाइतका, म्हणजे त्याच्या ‘अर्थशास्त्र’ ग्रंथातल्या जकात अधिकाऱ्याइतका जुना आहे. क्रियापदं तेवढी सांभाळा, शुल्क आकारतात, जकात बसवतात, भरतात आणि चुकवतातही.