लाइनचा रूट नक्की व्हायच्या आधीच बोला

प्रश्न : हाय व्होल्टेज लाइनच्या परवानग्यांना दहा-दहा वर्षं का लागतात? नकाशावर सरळ रेघ मारायची आणि टॉवर उभे करायचे. आणि लोकांचा एवढा विरोध असेल तर सरळ जमिनीखालून न्या ना, विषय संपला!

उत्तर : सरळ रेघ मारायला सोपीये हो, पण त्या रेघेत जंगल येतं, नदी येते, विमानतळ येतो, शेकडो लोकांच्या जमिनी येतात आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. वीजप्रकल्प एका जागी असतो, त्यामुळे एक जिल्हा सांभाळला की बरंचसं भागतं, लाइनचं तसं नाही, एकानेही अडवलं तरी अख्खी लाइन अडते.

अमेरिकेतली सनझिया लाइन बघा. न्यू मेक्सिकोतली पवनऊर्जा ॲरिझोनाकडे न्यायची, लांबी साधारण 885 किलोमीटर. केंद्राकडे अर्ज गेला 2008 ला, परवानगी मिळाली 2015 ला, त्यात लष्कराच्या क्षेपणास्त्र चाचणीच्या जागेवरून घोळ, मग 2018 ला न्यू मेक्सिको राज्याच्या नियामक आयोगाने अर्ज फेटाळला, मग रूट बदलला, नवी मंजुरी 2023 ला आणि त्याच वर्षी काम सुरू. तरी ॲरिझोनातल्या सॅन पेद्रो खोऱ्यावरून मूळनिवासी समाज कोर्टात गेलेच. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या वारशाच्या जागांचा विचार रूट ठरवतानाच नीट व्हायला हवा होता. माझ्या मते बहुतेक भांडणांचं मूळ इथेच आहे. लोकांना विचारतात तोवर रूट जवळपास ठरलेला असतो, मग सुनावणीत लोक नुसतं 'नको' म्हणतात, दुसरं उरतंच काय!

आता जमिनीखालून. जर्मनीने हेच केलं. सुएडलिंक ही उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी सुमारे 700 किलोमीटरची लाइन, आधी टॉवरवरूनच जाणार होती. विरोध वाढला तसा 2015 च्या शेवटी कायदा करून अशा डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज नेणाऱ्या) लाइन्सना भूमिगत केबलचं प्राधान्य दिलं. झालं काय, प्लॅनिंग परत पहिल्यापासून, खर्च वाढला, आणि 2022 ची लाइन आता 2028 वर गेलीये. आणि मग केबलसाठी खणलेल्या चरामुळे माती बिघडेल म्हणून शेतकरी नाराज! एसी (सतत दिशा बदलणारी, आपल्या घरात येते तशी वीज) केबलचा तर आणखी एक त्रास, लांब अंतरावर केबल स्वतःच चार्ज होण्यात करंट खाते, त्यामुळे मधेमधे त्याची भरपाई करणारी यंत्रणा बसवावी लागते. थोडक्यात, वस्तीजवळच्या छोट्या टप्प्यासाठी केबल ठीक, सगळीकडे नाही.

प्रश्न : लाइनमुळे पक्षी शॉक लागून मरतात ना?

उत्तर : शॉक जास्त करून छोट्या लाइनवर लागतो, तिथे तारा जवळजवळ असतात, मोठ्या पक्ष्याचे पंख दोन्हीकडे टेकतात. मोठ्या लाइनवर धोका धडकेचा, त्यातही सगळ्यात वरची, आकाशातल्या विजेपासून लाइन वाचवणारी बारीक अर्थ वायर दिसतच नाही. माळढोकसारख्या पक्ष्याला तर समोरचं फार कमी दिसतं, शिवाय शरीर जड, ऐनवेळी वळता येत नाही. म्हणून तार पक्ष्यांना दिसावी यासाठी तिच्यावर चमकणारे डायव्हर्टर लावतात, फायदा होतो, पण पक्ष्यांच्या नेहमीच्या वाटेतून लाइनच न नेणं केव्हाही बरं.

प्रश्न : आमच्या घरामागून लाइन जाणार म्हणतायत, कॅन्सर होतो का?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2002 ला विजेच्या लाइनभोवती असतं तशा चुंबकीय क्षेत्राला 'कदाचित' कॅन्सरकारक म्हटलंय, म्हणजे पुरावा मर्यादित आहे, त्यामुळेच कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. झाडं-भिंती हे क्षेत्र अडवत नाहीत पण अंतर वाढलं की ते झपाट्याने कमी होतं. तेव्हा सुनावणीत भीती सांगण्यापेक्षा घरापासूनचं अंतर आणि पूर्ण लोडला तिथे येणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा आकडा (मायक्रोटेस्ला या एककात) लेखी मागा. आणि एक प्रश्न नक्की विचारा, जुन्या लाइनवरच जास्त करंट नेणारी नवी तार टाकून भागणार नाही का? बऱ्याच ठिकाणी तेच टॉवर, तीच जागा वापरून क्षमता चांगलीच वाढवता येते, आणि हा पर्याय का टाकून दिला हे त्यांना कारणासकट सांगायला लावा.